इसबाचं खापर वांग्यावर

नांदेडहून लातूरला जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर, कुठंही उतरा आणि हातापायाला इसब असलेल्या माणसाला उपचाराबद्दल विचारा. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "वांगं बंद केलंय." त्यामागोमाग मसूर जाते, अंडी जातात, शेंगदाणे जातात, आणि खाज थांबत नाही म्हटल्यावर शेवटी तुरीचं वरणही जातं. ताटात भाकरी आणि मीठ उरलं तरी इसब जागच्या जागी. आणि तो माणूस पावसाळाभर ज्या गाजर गवतात कमरेइतका उभा असतो, त्या गवताची चौकशी कुणी केलेली नसते.

मुळात इसब हा एकच रोग नाही. त्वचा लाल होते, बारीक फोड येतात, लस येते, खपली धरते, खाजवून खाजवून चामडी जाड नि काळी पडते. सुजेच्या या सगळ्या प्रकाराला इसब म्हणतात. तो होण्याच्या वाटा अनेक आहेत. एक वाट जन्मापासूनची. घरात कुणाला दमा, कुणाला सततच्या शिंका, आणि बाळाच्या गालांवर, पुढं कोपराच्या नि गुडघ्याच्या घडीत खाज. दुसरी वाट संपर्काच्या ऍलर्जीची, म्हणजे अंगाला बाहेरून लागलेल्या एखाद्या पदार्थाची. मोठ्या वयात नव्यानं इसब उठला, तर आधी या दुसऱ्या वाटेनं जाऊन पाहायला हवं.

वांगं सापडतं कसं, तेही समजून घ्या. संपर्काच्या ऍलर्जीत शरीरातल्या पेशी आधी तो पदार्थ ओळखायला शिकतात. या शिकण्याच्या काळात वर काहीच दिसत नाही. एकदा शिकल्या की दर वेळी पदार्थ अंगाला लागल्यावर साधारण एक ते तीन दिवसांनी खाज आणि पुरळ उठतं. सोमवारी खुरपणी झाली, मंगळवारी वांग्याची भाजी झाली, बुधवारी अंग खाजलं. आता दोष कुणाला देणार? आदल्या दिवशीचं जेवण माणसाला आठवतं, परवाचं गवत आठवत नाही.

गाजर गवताचा त्रास महाराष्ट्राला नवा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी 1956 मध्ये पुण्यातून त्याची नोंद केली. त्यानं होणाऱ्या त्वचारोगावर पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन यांच्यासोबत 1974 मध्ये लेख लिहिला. गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य यातलं मुख्य दोषी. म्हणजे पन्नास वर्षं झाली, वैद्यकाच्या पुस्तकात हे आहे. बांधावर मात्र अजून वांगंच.

यावर एक प्रश्न हमखास येतो. "गवत तर हातानं उपटलं. मग तळहाताला काही नाही आणि डोळ्याच्या पापण्या कशा सुजल्या?" प्रश्न रास्त आहे. तळहाताची चामडी जाड, पापणीची अगदी पातळ. शिवाय वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्यावर उडतो, हात न लावताही चेहऱ्यावर, मानेवर बसतो, घामासोबत कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत साचतो. म्हणून पुरळ नेमकं त्याच जागी उठतं, जिथं जन्मजात इसब उठतो. इथंच मोठी गफलत होते. पन्नाशीच्या शेतकऱ्याला, ज्याला आयुष्यात कधी खाज नव्हती, "तुमच्या घराण्यातच आहे" असं सांगून मोकळं केलं जातं. सुरुवातीची वर्षं हा त्रास पावसाळ्यात वाढतो नि पुढं ओसरतो. दुर्लक्ष केलं तर बारा महिने मुक्कामाला येतो आणि ऊनही सोसेनासं होतं. काहींना त्याच कुळातल्या शेवंतीनंही त्रास होतो.

आता या दोन वाटांचं नातं. जन्मजात इसब आणि संपर्काची ऍलर्जी एकाच अंगावर एकाच वेळी असू शकतात, आणि एकमेकांना जोर देतात. कोरडी, भेगाळलेली त्वचा म्हणजे गळका पत्रा. बाहेरचं द्रव्य सहज आत उतरतं. त्यात इसबाचा माणूस वर्षानुवर्षं मलमं चोळत असतो. काही मलमांतलं निओमायसिन, सुगंध किंवा टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्यं यांचीच ऍलर्जी जडते. मग मलम लावावं तसा इसब पसरतो, आणि माणूस म्हणतो, "आणखी जास्त लावायला पाहिजे." चांगला आटोक्यात असलेला जुना इसब कारणाशिवाय भडकला, तर आधी वापरातली ट्यूब तपासा.

पथ्याबद्दल चीड येते ती यासाठी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. त्यातल्याच एखादीला, दिवसभर सोयाबीन खुरपून आलेल्या मावशीला, डाळ आणि अंडं तोडायला सांगणं हा काय उपचार झाला? तीव्र इसब असलेल्या तान्ह्या मुलांत कधी कधी अंड्याची वा दुधाची ऍलर्जी सोबत असते, हे खरं. पण ती डॉक्टरनं तपासून ठरवायची, शेजारणीनं नाही.

बाकीचे समज थोडक्यात उरकतो. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लागतात ते गजकर्ण आणि खरूज. "वीस वर्षं हाच डाय लावतो, आजच कसा बाधेल?" बाधतो, ऍलर्जी विसाव्या वर्षीही जडते, आणि गवंड्याच्या हाताला सिमेंटमधल्या क्रोमेटची तशीच जडते. बिब्बा घरचं औषध म्हणून निरुपद्रवी होत नाही: दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर कपड्यांवरच्या धोबीखुणेतल्या बिब्ब्यानं फोड उठले होते, 1943 मध्ये त्यावर वैद्यकीय लेखही आला. आणि मेडिकलवाल्यानं दिलेली स्टिरॉइडची ट्यूब गजकर्णावर लावली तर खाज दबते, गजकर्ण पसरतं.

रक्ताची शंभर पदार्थांची महागडी तपासणीही इथं कामाची नाही. ती वेगळ्या जातीची ऍलर्जी शोधते. संपर्काच्या ऍलर्जीसाठी पॅच टेस्ट असते. संशयित द्रव्यं छोट्या वाट्यांत घालून पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढून पाहतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घामाचं काम टाळायचं, म्हणून खुरपणीचे दिवस सोडून जा. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत त्वचारोग विभाग आहे, तिथं चौकशी करा.

निदान गाजर गवताचं निघालं, तर ते फुलावर येण्याआधी दुसऱ्या कुणाकडून उपटून घ्या. स्वतः शेतात जायचंच असेल तर लांब बाह्या, तोंडाला रुमाल, आणि घरी आल्याबरोबर अंघोळ नि कपडे बदलणं. पावसाळ्यात हे गवत फस्त करणारे मेक्सिकन भुंगे सोडता येतात, त्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे विचारणा करा. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, डायचं पाकीट आणि तेलाची बाटली पिशवीत घालून न्या. पोटात स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा पाठीला तसलं मलम लावलं असेल, तर तेही सांगा. नाहीतर टेस्ट खोटीच कोरी निघते.