बाळाची टाच घडीघडी का टोचतात?

जानेफळला गटाच्या बैठकीत एका आजीनं आम्हाला विचारलं, "आठव्या महिन्यातला नातू, मुठीएवढा. अन् सिस्टर घडीघडी त्याची टाच टोचे. एवढ्याशा जिवाचं रक्त कायले काढतात?" आजीचं चुकलं नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोटात बाळाला नाळेतून सतत साखर मिळते. नाळ कापली की ती बंद. पुऱ्या दिवसांचं बाळ शेवटच्या तीन महिन्यांत यकृतात साखरेचा साठा करून येतं, कणगी भरल्यासारखा. ३७ आठवड्यांआधी आलेल्याची कणगी अर्धीच. वर दूध ओढायला ताकद नाही. साखर फार उतरून तशीच राहिली तर मेंदूला इजा होते. बाळ थरथरतं, सुस्त पडतं, झटके येतात. पण कितीदा तरी वरून काहीच दिसत नाही, म्हणून टोचावं लागतं.

टाचेच्या कडेला टोचून एक थेंब पट्टीवर घेतात. पहिल्यांदा जन्मानंतर साधारण दोन तासांनी, मग थोड्या थोड्या तासांनी, दोन-तीन दिवस. आकडा ४५ च्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात. पट्टीचं यंत्र अशा कमी आकड्याला थोडं चुकू शकतं, म्हणून रक्त प्रयोगशाळेतही पाठवतात. तेही लगेच, कारण बाटलीत राहिलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात बसतात! रिपोर्ट येईपर्यंत उपचार मात्र थांबवत नाहीत.

इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत ढकलतं. ते प्रत्येक बाळाचं मोजत नाहीत. शिरेतून साखर देऊनही ती पुन्हा पुन्हा उतरते, तेव्हाच मोजतात. साखर कमी असतानाच शिरेतलं रक्त घेऊन. त्या वेळी इन्सुलिन जवळपास नसायला हवं. सापडलं, तर शरीर ते जास्त बनवतंय. आईला मधुमेह असला तर बाळाचं असं होऊ शकतं, म्हणून गरोदरपणात आपली साखर तपासून घ्याच.

आपल्याकडे मध, गूळपाणी चाटवतात. ते नको, साखर कमी म्हणूनही नको. पहिला पिवळा चीक द्या. ओढता येत नसेल तर सिस्टरला विचारून पिळून वाटी-चमच्यानं. बाळ गार पडलं की साखर भराभर खर्च होते. मेहकरला किंवा बुलढाण्याला नेताना त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आण मोफत आहे, २०११ पासून. गाडीसाठी १०८ लावा.