प्रवाळाच्या पेटीतला दिवा

मुलांनो, शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात तुम्ही कधी तरी गेला असाल. पाण्याने भरलेल्या काचपेट्या, वर चढणारे बुडबुडे आणि लाल-सोनेरी मासे तेथे तुम्ही पाहिले असतील. पण काही लोक वेगळीच काचपेटी ठेवतात. तिच्यात समुद्रासारखे खारे पाणी असते. आत खडकाचे तुकडे असतात. त्या खडकांवर फुलांसारखे दिसणारे प्राणी चिकटलेले असतात आणि वरून निळा उजेड पडत असतो. पाहणाऱ्याला वाटते, हा निळा दिवा शोभेसाठी लावला आहे. तसे नाही. तो दिवा म्हणजे आतल्या प्राण्यांची भाकरी आहे. दिवा चुकीचा निवडला, तर ते प्राणी आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू उपाशी मरतात.

हे प्राणी म्हणजे प्रवाळ. मराठीत याला पोवळे असेही म्हणतात. तुम्ही उर्दूत मर्जान किंवा मूंगा म्हणता, तेच हे. प्रवाळ झाडासारखे दिसते, पण ते झाड नाही. असंख्य लहान प्राण्यांची ती वसाहत आहे. प्रत्येक प्राण्याला एक तोंड असते आणि तोंडाभोवती बोटांसारखे अवयव असतात. रात्री हे अवयव पसरून तो पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो.

पण तेवढ्यावर त्याचे पोट भरत नाही. उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल राहते. त्याचे नाव झूझँथेली. एका चौरस सेंटिमीटर जागेत ते लाखोंच्या संख्येने असते. हिरव्या पानाप्रमाणे हे शैवाल उजेडात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. काही प्रवाळांना लागणाऱ्या शक्तीपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत शक्ती अशी मिळते. प्रवाळ शैवालाला राहायला घर देते आणि शैवाल भाडे म्हणून अन्न देते, असे म्हणा ना! उजेड नसेल, तर हे भाडे मिळत नाही.

येथे एक गंमत सांगतो. अंगठीत बसवतात ते लाल पोवळे भूमध्य समुद्रात अंधाऱ्या, खोल जागी वाढते. त्याच्या अंगात शैवाल नसते. म्हणून त्याला उजेडाची गरज पडत नाही. प्रवाळ म्हटले, की ते उजेडावर जगते असे समजू नका. आपण बोलत आहोत ते उथळ समुद्रातील प्रवाळाबद्दल.

आता दिवा निळाच का, ते पाहू या. सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. हा उजेड पाण्यात शिरला, की पाणी आधी लाल रंग शोषून घेते. स्वच्छ समुद्रातही दहा मीटर खोलीवर लाल रंग फारच थोडा उरतो. निळा रंग मात्र सर्वांत खोल जातो. आपल्या विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे. कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर आहे आणि तेथे प्रवाळ वाढते. तेथे पोहोचणारा उजेड जवळजवळ निळाच असतो. अशा उजेडाची प्रवाळातल्या शैवालाला पिढ्यान्‌पिढ्या सवय झालेली आहे. निळ्या उजेडाचा ते चांगला उपयोग करून घेते.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ आहे. २००१ साली खडक बनवणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखा इत्यादींचा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. वाघालाही याच अनुसूचीत स्थान आहे. म्हणून आपल्या समुद्रातून प्रवाळ काढणे, ते विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. मालवणला सहलीला गेलात आणि कोणी प्रवाळाचा तुकडा स्वस्तात देऊ लागला, तर घेऊ नका. अमेरिका, जर्मनी अशा देशांत अनेक लोक घरी प्रवाळाची पेटी ठेवतात. तेथे पेटीतच वाढलेल्या प्रवाळाची फांदी छाटून, दगडाला चिकटवून, नवे प्रवाळ तयार करतात आणि विकतात. दिव्याचा हिशेब मात्र आपणही शिकू शकतो, कारण तो गोड्या पाण्यातल्या वनस्पतींनाही लागू पडतो.

सर्वांत स्वस्त दिवा कोणता? सूर्य! इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर ते समुद्री जीव पाळत होते. पण सूर्य सगळ्यांच्या घरात येत नाही. चाळीच्या खोलीत एक लहान खिडकी असते आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असते. शिवाय लहान पेटीवर थेट ऊन पडले, तर पाणी लवकर तापते. प्रवाळाला साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी फार तापले, की ते अंगातले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापल्यामुळे असेच घडले.

म्हणून लोकांनी विजेचे दिवे वापरले. १९८० नंतरच्या काळात मेटल हॅलाइड नावाचे प्रखर दिवे आले. त्यांचा उजेड उत्तम होता, पण ते भट्टीसारखे तापत. काहींनी खास निळ्या-पांढऱ्या नळ्या वापरल्या. त्या पेटत राहिल्या, तरी त्यांचा उजेड उतरत जाई आणि वर्षभरात त्या बदलाव्या लागत. आता एलईडी आली आहे.

एलईडीची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लाल आणि हिरवी एलईडी पूर्वीच तयार झाली होती. प्रखर निळी एलईडी मात्र कोणाला जमत नव्हती. जपानमध्ये इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांनी ते काम केले. नाकामुरा यांची प्रखर निळी एलईडी १९९३ साली जगापुढे आली. या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या घरातला पांढरा एलईडी बल्बही बहुधा आतून निळाच असतो. निळ्या एलईडीवर पिवळ्या पदार्थाचा थर देतात. निळा आणि पिवळा उजेड मिसळला, की आपल्याला पांढरा उजेड दिसतो. म्हणजे बाजारातल्या साध्या पांढऱ्या एलईडीतही प्रवाळाला हवा असलेला निळा उजेड बराच असतो. कमी खर्चाचा सगळा मार्ग यातूनच निघतो.

आता समजा, ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच अशी एक पेटी आहे. तिच्यात ५४ लिटर पाणी मावते. हिच्यासाठी दिवा निवडायचा आहे. बहुतेक लोक आधी दिवा घेतात. माझ्या मते येथेच पैसे वाया जातात. आधी पेटीत काय ठेवायचे, ते ठरवावे. झूझँथेलीच्या कामी येणारा उजेड 'पीएआर' या मापाने मोजतात. उष्ण प्रदेशात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हे माप सुमारे २००० असते. मऊ शरीराच्या, छत्रीसारख्या प्रवाळांना ५० ते १०० पुरते. फांद्या फुटणाऱ्या कठीण प्रवाळांना मात्र २०० ते ३०० किंवा त्याहून अधिक लागते. मऊ जातीवर समाधान मानले, तर दिव्याचा खर्च खूपच कमी होतो.

खोक्यावर लिहिलेले आकडे वाचायलाही शिकले पाहिजे. वॅट हा आकडा वीज किती लागेल ते सांगतो, उजेड किती मिळेल ते सांगत नाही. ल्यूमेन हा आकडा माणसाच्या डोळ्यासाठी आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड जास्त जाणवतो आणि निळा कमी जाणवतो. त्यामुळे निळ्या दिव्याचे ल्यूमेन कमी असले, तरी प्रवाळाच्या दृष्टीने तो चांगला असू शकतो. केल्विन हा आकडा उजेडाचा रंग दाखवतो. पिवळसर बल्ब ३००० केल्विनच्या आसपास असतो आणि पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची असते. प्रवाळाच्या पेटीवर १०,००० ते २०,००० केल्विनचे निळसर दिवे लावतात.

काही जण घरातला जुना निळा झिरोचा बल्ब लावून पाहतात. त्याचा काही उपयोग नाही. आतली तार पिवळट उजेडच देते. काचेवरचा निळा रंग बाकीचे रंग अडवतो, नवा निळा उजेड निर्माण करत नाही. शिवाय नाव झिरो असले, तरी तो सुमारे १५ वॅट वीज खातो!

मग घ्यावे काय? इमारतीच्या दारावर लावतात तसा ६५०० केल्विनचा, २० किंवा ३० वॅटचा एलईडी फ्लड लाइट आणि त्याच्या जोडीला खऱ्या निळ्या एलईडीची पट्टी. मऊ प्रवाळाच्या लहान पेटीला एवढे पुरते. मोबाइलवरून रंग बदलणारा, ढग आणि वीज चमकल्याचा देखावा करणारा दिवा पाहायला छान वाटतो. पण ढगांचे पैसे माणूस स्वतःच्या हौसेसाठी देतो, प्रवाळासाठी नाही. थोडे पैसे जास्त द्यायचेच असतील, तर निळा आणि पांढरा उजेड वेगवेगळा कमी-जास्त करता येणारा दिवा घ्यावा.

दिव्याची किंमत एकदाच द्यावी लागते. विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते. हा हिशेब वहीत करून पाहा. ३० वॅटचा दिवा रोज ९ तास लावला, तर २७० वॅट-तास, म्हणजे ०.२७ युनिट वीज लागते. तीस दिवसांची ८.१ युनिट झाली. १५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा तेवढाच वेळ लावला, तर ४०.५ युनिट होतात. एका युनिटला आठ रुपये धरले, तर पहिल्याचे सुमारे ६५ रुपये आणि दुसऱ्याचे ३२४ रुपये होतात. जुना मोठा दिवा कोणी फुकट दिला, तरी काही महिन्यांत तो महाग पडतो. त्याने तापलेले पाणी गार करण्याचा खर्च आपण धरलेलाच नाही.

दिवा आणला, की तो पूर्ण जोरात लावायचा नाही. उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवण देत नाहीत, तसेच हे आहे. फार प्रखर उजेडानेही प्रवाळ शैवाल गमावते आणि पांढरे पडते. सुरुवातीला दिवा उंच टांगावा किंवा कमी वेळ लावावा, मग तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावे. दिवा वर नेला, की खाली पोहोचणारा उजेड कमी होतो, पण तो कोपऱ्यांपर्यंत पसरतो. खाली आणला, की मधोमध प्रखर होतो आणि कडेला अंधार राहतो. प्रवाळ स्वतःच खूण करून सांगते. उजेड कमी पडला, तर मऊ प्रवाळ लांबट होऊन वर ताणले जाते. अनेक प्रवाळांचा रंग तपकिरी होत जातो, कारण मिळेल तेवढा उजेड टिपण्यासाठी त्यांच्या अंगात शैवाल वाढते. रंग फिकट होऊ लागला, तर उजेड जास्त झाला असे समजावे, पण त्याआधी पाण्याचे तापमान पाहावे. दिवा रोज आठ ते दहा तास पुरतो. तो ठरावीक वेळी लागावा आणि बंद व्हावा, म्हणून साधा टायमर लावतात.

खारे पाणी आणि वीज यांची गाठ वाईट असते. मिठाचे तुषार दिव्यावर बसतात आणि धातू गंजतो. दिव्याची वायर सॉकेटकडे सरळ नेऊ नये. आधी ती सॉकेटपेक्षा खाली लोंबू द्यावी आणि मग वर घ्यावी. असे केले, की वायरवरून ओघळणारे पाणी खालच्या वळणावरून जमिनीवर पडते, सॉकेटमध्ये शिरत नाही. घरात ईएलसीबी बसवलेली आहे का, ते वायरमनला विचारावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी दिवा आणि पंप दोन्ही बंद करावेत. लहान मुलांनी हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

यातले बरेचसे तुम्ही घरी गोड्या पाण्यात करून पाहू शकता. एक लहान काचपेटी घ्या. तिच्यात हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया लावा. येथे निळ्या पट्टीची गरज नाही, कारण या वनस्पती उथळ पाण्यात वाढतात आणि लाल उजेडाचाही उपयोग करतात. ६५०० केल्विनचा दहा वॅटचा साधा एलईडी दिवा वर लावा. तो रोज सात-आठ तास ठेवा. त्याहून जास्त वेळ ठेवलात, तर काचेवर हिरवा थर धरेल आणि तो खरवडत बसावे लागेल. दिवा लावून काही तास झाले, की पेटीजवळ बसा आणि पानांकडे नीट पाहा. उजेड पुरेसा असेल, तर हायड्रिलाच्या पानांवर मोत्यांसारखे बारीक बुडबुडे दिसतील. एक एक बुडबुडा सुटून वर जाईल. तो प्राणवायू आहे.