काटा थांबतो तिथे

डिसेंबरातली सकाळ, साडेनऊची वेळ. हडपसरच्या धावपट्टीवर ग्लायडरमध्ये बसलो, तेव्हा बाहेरच्या हवेचा तापमापक १८ अंश दाखवत होता. जमिनीवरून केबलने ओढणाऱ्या विंचने आम्हाला हजार फुटांवर नेलं, केबल सुटली. मिनिटभराने पुढच्या सीटवरून विद्यार्थी म्हणाला, “सर, काटा बिघडलाय. वर येऊन २१ कसे?”

काटा ठणठणीत होता. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन निवते, तिला लागलेली हवाही निवते. वरची मात्र उबदार राहते. सकाळचा धूर जमिनीलगत रेंगाळतो तो या उबदार हवेच्या झाकणामुळेच.

ग्लायडरला इंजिन नसतं. उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर, म्हणजे थर्मलवर, त्याची सगळी भिस्त. ही कोरडी हवा चढताना पसरते आणि दर हजार फुटांना साधारण ३ अंशांनी थंड होते. भोवतालच्या हवेपेक्षा ती उबदार असेल तोवरच चढते.

“मग थर्मल हजार फुटांवर पोचायला खाली किती हवेत?”

“२१ आणि ३... २४, सर!”

खाली उतरलो, चहा घेतला. पारा २४ च्या पुढे गेला आणि थोड्याच वेळात घारी गिरक्या घेत वर सरकू लागल्या.

तापमापकाने खरं बोलायला हवं असेल तर त्याचं टोक ग्लायडरच्या नाकातल्या हवेच्या झरोक्यात, सावलीत हवं. कॉकपिटच्या काचेखाली ठेवलं तर ते ऊन मोजतं. विंचवर आपण इतक्या झपाट्याने चढतो की काटा मागे राहतो. म्हणून केबल सुटल्यावर जरा थांबूनच आकडा वाचायचा. आल्प्ससारख्या थंड भागात तर या आकड्यावर सुरक्षितता अवलंबून असते. वेगासाठी पंखांत भरलेलं पाणी गोठलं तर झडपा अडकतात, टाक्यांना इजा होते. काटा शून्याकडे झुकला की पाणी सोडून द्यावं लागतं.

दुपारी एकला जमिनीवर २७ अंश होते. पुन्हा उडालो, घारींच्या खाली वळण घेतलं, चढ-उताराचा वेग मोजणारा व्हेरिओमीटर चढ दाखवू लागला. दोन हजार फुटांवर २१ अंश. तेवीसशे फुटांवरही २१, आणि चढ मंदावला.

“सर, काटा थांबलाय. इथून वर काही मिळणार नाही. पुढचा थर्मल शोधू?”

मी स्टिकला हातही लावला नाही. त्याने नाक खाली केलं आणि ग्लायडर दिवेघाटाच्या दिशेला वळवलं.