गावाच्या पुस्तकाला शब्दसूची कशी लावाल?

डिंभे (ता. आंबेगाव) : जुनं आंबेगाव धरणाच्या पाण्यात गेलं. अशा गावांच्या आठवणींचं पुस्तक हाती आलं, की माणूस आधी आपलं गाव कोणत्या पानावर आहे ते बघतो. त्यासाठी शेवटी शब्दसूची हवी.

संगणकावरच्या वर्डमध्ये ‘डिंभे’ शब्द निवडा, आल्ट-शिफ्ट-एक्स दाबून ‘मार्क ऑल’ करा. पण ‘डिंभ्यात’, ‘डिंभ्याला’ ही रूपं त्यात येत नाहीत. ती वेगळी निवडा आणि ‘मेन एन्ट्री’त ‘डिंभे’च लिहा, नाहीतर एकाच गावाच्या तीन नोंदी होतील.

मजकुरात उमटलेल्या खुणा कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून लपवा. मग शेवटच्या पानावर ‘रेफरन्सेस’मधून ‘इन्सर्ट इंडेक्स’ करा. नंतर मजकूर वाढून पानं सरकली तर सूचीवर क्लिक करून एफ-९ दाबा. छापायला देण्याआधी हे विसरू नका.