मूर्तिजापूर का गळालं असतं?

बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर. अकोला जिल्ह्यातल्या सात तालुक्यांपैकी ‘र’ने संपणारी ही तीन नावं. संगणकाला ती शोधायला ‘*र’ एवढंच सांगितलं तरी पुरतं: आधी काहीही असो, शेवटी ‘र’ हवा. पण लिनक्समधल्या एका जुन्या फिल्टरने बाळापूर आणि पातूर दिलं असतं, मूर्तिजापूर गाळलं असतं.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अँड्रॉइड फोनपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत चालतो. त्याच्या आत काय घडतंय याचा माग काढणारं एफट्रेस हे साधन स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिलं आणि 2008 मध्ये ते कर्नलमध्ये आलं. नोंदींचा पूर येतो, म्हणून हव्या तेवढ्याच निवडायला फिल्टर लावतात.

जानेवारी 2010 मध्ये ली झेफान यांनी या फिल्टरमधल्या चुका शोधल्या. ‘*र’सारख्या नमुन्यासाठी फिल्टर नावातला पहिलाच ‘र’ गाठायचा आणि तो शेवटी नसला की नाव बाद करायचा. मूर्तिजापूरमध्ये पहिला ‘र’ रफाराचा. संगणक तोही ‘र’ म्हणूनच साठवतो. ली यांनी शेवटची अक्षरंच ताडून पाहायची सोय केली.

दुसरी चूक जास्त फसवी होती. ‘अको*’ म्हटल्यावर अकोला आणि अकोट मिळायला हवेत, पण फिल्टर अख्खं नाव नमुन्याशी जुळवायचा आणि हाती काहीच लागायचं नाही. चूक झाल्याचा संदेशही नाही. रिकामी यादी पाहून अभियंत्याला वाटणार, ती घटना घडलीच नाही. मग बिघाडाचा शोध भलतीकडेच सुरू.

ली यांनी तुलना नमुन्याच्या लांबीपुरती केली. उत्तरं बरोबर येऊ लागली, पण एक फट राहिली. नमुना नावापेक्षा लांब असला, तर नाव संपल्यावरही तुलना पुढच्या, त्या नावाच्या नसलेल्या मेमरीत शिरू शकत होती.

2016 मध्ये मासामी हिरामात्सू यांनी ‘बा*पूर’सारखा मधला स्टारही चालेल अशी जुळणी जोडली. ती तुलनेने संथ असल्यामुळे साध्या नमुन्यांसाठी जुनी पद्धतच ठेवली, आणि तिच्यासोबत ती फटही राहिली. अखेर 2018 मध्ये रोस्टेड यांनी ती एका अटीने बुजवली: नाव नमुन्यापेक्षा आखूड असेल, तर तुलना न करताच ‘जुळत नाही’ असं उत्तर द्यायचं.