पल्सरला दुसऱ्या गाडीचा शॉकअप बसतो का?

गेल्या पावसाळ्यात चुलतभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. भंगारात निघालेल्या एका स्पोर्ट्स बाइकचे सोनेरी, उलटे शॉकअप. खाली एकच ओळ: "दादा, हे आपल्या गाडीला बसंल का?"

त्याची गाडी पल्सर १५०. औंढ्याहून हिंगोलीला रोजचं जाणं-येणं. रात्री एका खड्ड्यात पुढचं चाक जोरात आपटलं, तेव्हापासून ऑइल गळत होतं आणि हँडल सरळ धरलं तरी चाक डावीकडे बघत होतं. पाईप बदलायचाच आहे तर मग चांगलाच माल टाकू, हा त्याचा हिशोब. मी सॉफ्टवेअरवाला, पण घरच्यांच्या मते इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. म्हणून सुट्टीवर गेल्यावर दोन दिवस या विषयाला दिले.

आधी शॉकअप म्हणजे काय ते बघू. आपण ज्याला शॉकअप म्हणतो तो टेलिस्कोपिक फोर्क. एक पाईप दुसऱ्या नळीत, म्हणजे 'बॉटम'मध्ये, वरखाली सरकतो. आत स्प्रिंग आणि ऑइल. स्प्रिंग वजन पेलते, पण एकटी असती तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ उड्या मारत राहिली असती. ऑइल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि त्या विरोधात उड्यांची ताकद जिरते. ही रचना नवी नाही. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर१२ या मोटरसायकलला ऑइलवाला टेलिस्कोपिक फोर्क दिला होता. आपल्याकडच्या जुन्या बजाज चेतकला मात्र असला फोर्कच नव्हता, चाक एका बाजूच्या आर्मवर होतं.

उलट्या, म्हणजे यूएसडी शॉकअपमध्ये जाड नळी वर आणि बारीक पाईप खाली. जोरात ब्रेक मारल्यावर फोर्क सर्वात जास्त वाकायला बघतो तो खालच्या 'टी'पाशी, म्हणून तिथे जाड नळी असली की पकड ताठ राहते. फायदा एवढाच. यूएसडी म्हणजे आपोआप जास्त आराम, हे रील बघून झालेलं मत आहे. शिवाय त्याचं सील खालच्या तोंडाला असतं. ते फाटलं की ऑइल खाली उतरतं, आणि खाली डिस्क असते.

आता बसेल का? पल्सर १५० चा पाईप ३१ मिमीचा, केटीएम ड्यूकचा ४३ मिमीचा. म्हणजे नुसता शॉकअप बसणारच नाही. सोबत दोन्ही टी बदला. नवीन टीची दांडी चेसिसच्या नळीत बसायला हवी, म्हणून कोनसेट जुळवा. मग त्या फोर्कचं चाक, एक्सल, डिस्क, कॅलिपर, मडगार्ड, मीटरचा सेन्सर. एक लायब्ररी अपडेट करायला गेलो आणि अख्खा प्रोजेक्ट चालेनासा झाला, अगदी तसंच. तरीही हे सगळं लेथवर जुळवून देणारे हुशार लोक आपल्याकडे आहेत. खरी गडबड बोल्ट बसल्यावर सुरू होते.

हँडल ज्या तिरप्या रेषेभोवती फिरतं ती रेषा जमिनीपर्यंत खाली वाढवा. ती जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे चाक जमिनीला टेकलेलं असतं. या अंतराला ट्रेल म्हणतात. सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं चाक जसं मागे ओढलं जाऊन सरळ होतं, तसंच ट्रेलमुळे पुढचं चाक स्वतःहून सरळ राहतं. ट्रेल कमी झाला तर वेगात हँडल थरथरू शकतं, फार वाढला तर गाडी वळायला जड होते.

समजा चाकाची त्रिज्या ३०० मिमी, फोर्कचा कल उभ्या रेषेपासून २६ अंश, आणि टीमुळे फोर्क हँडलच्या रेषेपासून ४० मिमी पुढे. गणित केलं तर ट्रेल सुमारे १०२ मिमी येतो. आता फक्त २५ मिमी लांब फोर्क टाका. १३०० मिमी व्हीलबेसच्या गाडीत पुढचा भाग उचलून कल जवळपास १ अंश वाढतो आणि ट्रेल १०८ च्या घरात जातो. टी बदलून ते ४० चे ३२ मिमी झाले, तर जुन्या लांबीवरही ट्रेल सुमारे ११० होतो. फोर्क आखूड पडला की सगळं उलट. कंपनी हे आकडे ठरवून, चाचण्या करून गाडी बाजारात आणते. गॅरेजमध्ये ते कोणी मोजत नाही, 'बसलं की झालं' असतं.

मोजायचं असेल तर फोन पुरतो. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं. गाडी सपाट जागी सरळ उभी करून फोन फोर्कला लावा, कल अंशांत दिसतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं: मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मला जास्त भीती विम्याची वाटते. अपघातानंतर गाडी तपासायला आलेल्या माणसाला सोनेरी शॉकअप पहिल्या नजरेत दिसणार.

भाऊ नाराज झाला. "मग दुसऱ्यांच्या गाड्यांवर दिसतंय ते?" दिसतं, खरंय. त्या गाड्या १०० च्या वेगात खड्ड्यातून जाताना कशा वागतात ते दिसत नाही.

शेवटी त्याच मॉडेलचे दोन नवीन पाईप, सील आणि ऑइल आणलं. गॅरेजवाल्या मामांनी उघडलं, मी प्रत्येक पायरीचा फोटो काढत गेलो. वरचं झाकण पाईप टीमध्ये घट्ट असतानाच ढिलं करायचं, कारण पाईप हातात आल्यावर ते फिरत नाही. आत दाबलेली स्प्रिंग असते, तेव्हा शेवटचे आटे सोडताना तोंड बाजूला. कॅलिपर ब्रेकच्या नळीला लटकवत ठेवायचं नाही, दोरीने बांधायचं. डिस्क बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतात. हे शेवटचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दाबला. मामा जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

जुने पाईप काचेवर लोळवले तर एक सरळ गेला, दुसऱ्याखाली दर फेऱ्याला फट दिसत होती. दोन्ही सरळ निघाले असते, तर फोर्क टीमध्ये पिळला गेलाय एवढंच असतं. बोल्ट ढिले करून सरळ केलं की पैसे वाचतात. म्हणून खर्चाआधी ही काचेची तपासणी करायला सांगा. आतलं ऑइल काळं आणि पातळ झालं होतं. नवीन ऑइल मॅन्युअलमधल्या मापाने, दोन्हीकडे सारखं. दोन्ही पाईप टीमध्ये एकाच उंचीवर. एक्सल आवळून, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबला, म्हणजे पाय आपापल्या जागी बसतात, आणि मगच बाकीचे बोल्ट पूर्ण आवळले.

ट्रायलला भावाने फोन हँडलच्या होल्डरला लावला, व्हिडिओ काढायला. तो मी काढून त्याच्या खिशात टाकला. मोटरसायकलच्या कंपनाने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिलाय. औंढा रस्त्यावर त्याच खड्ड्यापर्यंत जाऊन तो परत आला. हँडल सरळ होतं, चाकही सरळ. "सोनेरी स्टिकर तर लावू शकतो ना?" त्याने विचारलं. ते लावलंय.