गॅसच्या शेगडीची निगा

आपल्याकडील खेड्यांतून आता चुलीच्या जोडीला गॅसची शेगडी आली आहे. चुलीची निगा आपल्या आयाबहिणींना कोणी शिकवावी लागत नाही. राख काढणे, ओले सरपण बाजूस ठेवणे, रात्री निखारे झाकणे हे सारे अंगवळणी पडलेले असते. गॅसचे तसे नाही. विस्तव दिसतो, धूर डोळ्यांना झोंबतो, पण गळणारा गॅस दिसत नाही.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस दाबाखाली पातळ रूपात भरलेला असतो. बाहेर पडताच तो सुमारे अडीचशे पट पसरतो, आणि हवेच्या शंभर भागांत त्याचे दोन भाग झाले तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे तो वर जात नाही. ओट्याखाली, पोत्यांच्या सांदीत, खोलगट जागी साचून राहतो. ज्यांच्या घरी पूर्वी गोबरगॅस होता त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण तो गॅस हवेहून किंचित हलका असतो. गोबरगॅसची शेगडी सिलिंडरला जोडणे तर मुळीच नको. तिच्या नोझलचे भोक मोठे असते.

अपघाताचे मूळ पुष्कळदा रबरी नळीत असते. शेगडी चकचकीत पुसली जाते, नळीकडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. सुगीनंतर भाताची पोती घरात येतात, त्यांच्यामागे उंदीर येतात, आणि उंदराला रबर कुरतडायला फार वेळ लागत नाही. म्हणून धान्य आणि सिलिंडर यांची संगत नसावी. पंपाचे डिझेल वा रॉकेलही त्या खोलीत नको. हल्ली आत तारेची जाळी असलेली नारिंगी नळी मिळते, ती घ्यावी. साध्या नळीपेक्षा ती पुष्कळ टिकते, तरी पाच वर्षांनी बदललीच पाहिजे. नळीवर छापलेली तारीख पाहावी. लांबी दीड मीटरहून अधिक नसावी, नळी शेगडीखालून जाऊ नये, आणि तिच्यावर शोभेचे कापड गुंडाळू नये. कापडाखालची चीर कोणाला दिसणार?

गळती तपासण्यासाठी काडी ओढणारे लोक अजून भेटतात. असे कदापि करू नये! वाटीत साबणाचा फेस करून तो नळीच्या दोन्ही टोकांना व रेग्युलेटरच्या सांध्याला बोटाने लावावा. बुडबुडे फुगले तर तेथे गळती आहे.

नवा सिलिंडर घेताना सील पाहावे, टोपण काढून तोंडाच्या आत काळा रबरी वायसर आहे ना हे पाहावे. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर व वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे डीपर्यंत. ती त्या सिलिंडरच्या पुढील चाचणीची मुदत होय. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. गॅस संपत आला म्हणून आडवा करून हलविण्याची युक्ती घातक आहे. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी.

ज्योत निळी व स्थिर असेल तर गॅस नीट जळतो आहे. ती पिवळी दिसू लागली, भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर बर्नरमध्ये घाण किंवा कोळ्याचे जाळे अडकून हवा पुरेशी मिसळत नाही असे समजावे. गार झालेला बर्नर काढून सोड्याच्या कढत पाण्यात घासावा, भोके टाचणीने मोकळी करावी आणि पूर्ण वाळवूनच बसवावा. नोझलला मात्र आपण हात लावू नये. ते काम मिस्त्रीचे. अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो, ज्याला वास नसतो. खानापूर तालुक्यात काय किंवा गोव्यात काय, पावसाच्या झडीत दारेखिडक्या बंद ठेवण्याची आपली सवय असते, आणि हाच काळ जास्त जपण्याचा. स्वयंपाक चालू असताना एक खिडकी उघडी हवीच. गॅसचा गीझर तर बंद न्हाणीघरात बसवूच नये.

सिलिंडरमधील गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य त्यात मिसळतात. पण सर्दी झालेल्याला वा वृद्धांना तो वास येईलच असे नाही. यासाठी रात्री शेगडीचे बटण बंद करून न थांबता सिलिंडरवरील रेग्युलेटरही बंद करावा.

वास आलाच तर विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, पंखाही लावू नये. चूल, उदबत्ती, तसबिरीपुढील मेणबत्ती आधी विझवावी. रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरला टोपण लावावे, दारेखिडक्या सताड उघडून मुलांना व म्हाताऱ्यांना बाहेर न्यावे. फ्रीज आपोआप चालू होताना ठिणगी पडू शकते, म्हणून मेन स्विच घराबाहेर असेल तर तो तेथून बंद करावा. टेलिफोन अंगणात दूर जाऊन करावा. १९०६ हा गॅसगळतीसाठीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. माणूस येऊन तपासून जाईपर्यंत त्या दिवसाचा स्वयंपाक शेजारी करावा.